गर्डर, वासे आणि खोटे बोल्ट : 2,56,500 रुपये घालवून सांगतोय

जुन्या कौलारू घराचं आढं (छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड) बदलायचं काम काढलं असेल आणि कुणी तुम्हाला म्हणत असेल की लाकडी आढ्याच्या जागी लोखंडी गर्डर टाकतो, वर नवे सागाचे वासे (आढ्यापासून उतरणारी तिरकी लाकडं) बसवतो, पन्नास वर्षं बघायला नको, तर एक रुपया द्यायच्या आधी हे पूर्ण वाचा. माझे 2,56,500 गेले आणि तेच काम परत करून घ्यायला 1,14,000 वेगळे गेले. नाव टाकत नाही कारण तक्रार चालू आहे आणि वकिलांनी नाव लिहू नका म्हणून बजावलंय, पण माणूस आजही सातारा भागात कामं घेत फिरतोय.

आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, मातीच्या भिंती, मंगलोरी कौलं, चाळीस फुटाचं आढं वाळवीनं पार पोखरलेलं. मी नोकरीला पुण्यात, सुट्टीला घरी. वडील घरीच असतात पण गुडघ्यामुळं शिडी चढता येत नाही त्यांना. हे आधीच सांगतोय कारण जो तो विचारतो "तू लक्ष दिलं नाहीस का". नोकरी सोडून महिनाभर मिस्त्रीच्या मागं उभं राहणं कुणाला परवडतं? आणि माणूस काही रस्त्यावरून उचलून आणला नव्हता, पाहुण्यांकडूनच आलेला, त्यांच्या गोठ्याचं काम केलेला.

बिल असं होतं. आठ इंची गर्डर वीस फुटी दोन, 310 किलो, 78 च्या भावानं 24,180. सागाचे वासे 3 बाय 4, बारा फुटी, 40 नग म्हणजे 40 घनफूट, 3,200 नं 1,28,000. बोल्ट-वॉशर ड्रिलिंगसकट 68 नग, 140 नं 9,520. रीपा (कौलांखालच्या आडव्या पट्ट्या), कौलं उतरवून परत शाकारणं आणि मजुरी 94,800. त्यातले एक लाख बँकेतून ट्रान्सफर केले, 1,20,000 रोख दिले कारण "जीएसटीचं बिल केलं तर 18 टक्के वाढतील साहेब, तुमचंच नुकसान", आणि शेवटचे 36,500 फोनवरून. रोख घेताना पावती "उद्या देतो" म्हणाला, ती काय मिळाली नाही. असला माणूस पक्क्या बिलाला का टाळतो ते तुम्हाला माहितीच आहे, ते सांगत बसत नाही.

आता मुद्द्याचं. लोखंडावर लाकूड नुसतं ठेवून चालत नाही, ते धरून राहायला लागतं. गर्डरच्या पोटात, म्हणजे मधल्या उभ्या पत्र्याला, दोन्ही बाजूंनी लाकडी पट्टी बसवायची, तिला पॅकिंग म्हणतात, आणि लाकूड-लोखंड-लाकूड असा आरपार बोल्ट घालून पलीकडं चौकोनी वॉशर आणि नट आवळायचा. मग वाशाला खाच पाडून तो त्या पॅकिंगवर बसवायचा आणि एल पट्टीनं बांधायचा. वासा नुसत्या कौलांच्या वजनानं बसलाय असं समजू नका. एप्रिल-मेला वळवाचं वारं किल्ल्यावरून खाली येतं तेव्हा ते छप्पर वर उचलतं, त्या वेळी धरून ठेवणारा फक्त बोल्ट असतो.

ज्या क्षणाला सगळं कळायला हवं होतं तो मला अजून झोपू देत नाही. काम संपत आलेलं, गर्डरला लाल रंग नुकताच मारलेला, ओलाच होता, बोटाला लागला. मी शिडीवर चढून मोबाईलचा टॉर्च मारला. पूर्वेच्या बाजूला बोल्टची डोकी ओळीनं, एकसारखी, बघून बरं वाटलं. मग टॉर्च पश्चिमेच्या बाजूला फिरवला तर तिथं काहीच नाही. गुळगुळीत लाकडी पट्टी, ना नट ना वॉशर. मी विचारलं, नट कुठं आहेत? तर हा पठ्ठ्या खालून म्हणतो, "साहेब, टॅप मारलाय. लोखंडातच आटे पाडलेत, नटाची गरजच न्हाय." त्याचा पोरगा शेजारी उभा होता, त्यानं मान खाली घातली आणि तंबाखू मळायला लागला. मी ते बघितलं. बघितलं आणि खाली उतरलो आणि 36,500 पाठवले.

आता मला सांगा, टॅपिंग म्हणजे काय हे सामान्य माणसाला कुठून कळणार? तो इतक्या खात्रीनं बोलला की मलाच आपण अडाण्यासारखं विचारलं असं वाटलं. आकाशात ढग, निम्मी कौलं खाली, घरात वडील, अशा वेळी कोण वाद घालत बसेल. नंतर इंजिनिअरनं समजावलं की गर्डरच्या पोटाचा पत्रा पाचेक एमएम जाडीचा असतो, 12 एमएमच्या बोल्टला त्यात जेमतेम तीन आटे मिळतात, आणि टॅप मारला असता तरी पलीकडची पट्टी कशानं धरली असती? तिला तर आरपारच बोल्ट हवा. हा एवढा एक प्रश्न मी त्या वेळी विचारला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

पहिल्याच जोराच्या वळवात पश्चिमेकडची पट्टी सुटली, वासे दोन बोटं सरकले आणि कौलं अंगणात. वडील आत होते, वाचले. दुसरा सुतार आणला, तो वर चढला आणि एका बोल्टच्या डोक्याला पान्हा लावला तर डोकं अलगद निघून त्याच्या हातात आलं. अख्खा बोल्ट नव्हताच. ग्राइंडरनं कापलेलं नुसतं डोकं, मागची बाजू सपाट, तिच्यावर राखाडी एमसील आणि कडेला लाल रंग. पॅकिंगच्या लाकडात उथळ खड्डा करून त्यात ते चिकटवलेलं. एक, दोन, चार काढून बघितली, सगळी तशीच. दोन्ही पट्ट्या पाचरी मारून आणि बाइंडिंग तारेनं बांधून उभ्या होत्या. 9,520 रुपये घेतलेत त्याचे!

मग सगळंच मोजलं. गर्डर आठ इंचाचा नाही, सहाचा. आठ इंची म्हणजे आयएसएमबी 200 (गर्डरचं ठरलेलं माप, आकडा एमएममधल्या उंचीचा), मीटरला साधारण 25 किलो, सहा इंची म्हणजे 150, तो मीटरला 15 किलो. दोन्ही मिळून 183 किलोच्या आसपास माल, म्हणजे 127 किलो लोखंड आलंच नाही, 9,906 रुपये झाले. मी आलो तेव्हा गर्डर चढवून झालेले, टोकं भिंतीत बुजवलेली, खालून सहा का आठ कुणाला कळणार. तेव्हा गर्डर खाली असतानाच टेप लावा आणि वजनकाट्याची पावती स्वतः काट्यावर उभं राहून घ्या.

वासे तर सागाचेच नव्हते. निलगिरी, तीपण ओली, वरून पॉलिश. वडील पहिल्या दिवशीच हात फिरवून म्हणाले होते, "आरं, ह्याला सागाचा वास न्हाय." त्यावर कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, आप्पा, वाळवीचं औषध मारलंय, वास त्याचाच येतो. ओली निलगिरी वाळताना आकसते, पिळवटते, लोखंड होतं तिथंच राहतं, म्हणून सांधा आपोआप ढिला होतो. चांगलं वाळलेलं लाकूड असलं तरी वाशाचा माथा गर्डरच्या वरच्या पट्टीपेक्षा थोडा उंच ठेवतात ते याच्यासाठी. शिवाय बिलात 3 बाय 4, प्रत्यक्षात अडीच बाय साडेतीन. "रंधा मारल्यावर कमी होतंच" हे त्याचं उत्तर. चाळीस वाशांत पावणेअकरा घनफूट लाकूड नुसतं कागदावर, 3,200 च्या भावानं चौतीस हजारांच्या वर. सागाच्या गाडीबरोबर वनखात्याचा वाहतूक पास असतो, तो मागा. नाही म्हणाला तर गाडी उतरवूनच घेऊ नका.

आता तक्रारीचं ऐका, कारण खरा संताप इथं आहे. पोलिसांत गेलो तर पहिलं वाक्य, "हे दिवाणी आहे, कोर्टात जा." मी म्हणलं साहेब, बोल्टची डोकी चिकटवलीत, ही फसवणूक नाही तर काय? तर म्हणतात "काम तर केलंय ना त्यानं, घर उभं आहे ना." म्हणजे घर पडायला पाहिजे होतं? मी ती डोकी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली, त्यांनी कडेला सरकवली आणि चहा मागवला. फसवणुकीचं 420 कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 318 झालंय एवढंसुद्धा मलाच सांगावं लागलं. तक्रार अर्ज घेतला, पोच देताना परत कुरकुर. तिथून दुसऱ्या एका सरकारी ऑफिसात, तिथं म्हणाले वजन कमी असल्याचं सिद्ध करायला गर्डर उतरवून काट्यावर आणा. घराचं आढं उतरवून काट्यावर न्यायचं, वडिलांना उघड्यावर बसवायचं आणि मग हे शिक्का मारणार! तिसऱ्या ठिकाणी सांगितलं, छप्पर पूर्ण पडलं असतं तर पंचनामा झाला असता. हे ऐकून माझ्या तोंडून शब्द फुटेना. वडील आत होते हो. आणि प्रत्येक जण वर हेच विचारणार, पक्कं बिल का घेतलं नाही, जणू चोरी मीच केलीय.

शेवटी 6,000 भरून इंजिनिअरचा लेखी रिपोर्ट घेतला, प्रत्येक सांध्याचे टेप लावून फोटो काढले आणि ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकली. दिलेली रक्कम 5 लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही, आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, बसून राहू नका. आधी 1915 ला फोन करून नोंद केली तरी चालते. दुरुस्तीची घाई असली तरी फोटो आणि रिपोर्ट झाल्याशिवाय जुनं काही हलवू नका, काढलेले बोल्ट, लाकडाचे तुकडे फेकू नका. माझी डोकी तारीख टाकलेल्या पाकिटात ठेवलीत.

त्याच्याकडं नोटीस गेली तर "पत्त्यावर राहत नाही" म्हणून परत आली, आणि परवाच पाहुण्यांना तो कोरेगावच्या रस्त्याला एका घरावर काम करताना दिसला.

गर्डरला रंग मारायच्या आधी वर चढा, किंवा चढू शकणारा माणूस पाठवा, आणि एका बाजूला डोकी, पलीकडं नट, दोन्ही मोजा. भोकं ड्रिलची पाहिजेत, गॅसनं जाळलेली नकोत. वाशाची खाच जाडीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा खोल नको. कुणी "टॅप मारलाय" म्हणालं तर तिथल्या तिथं एक बोल्ट काढून दाखवायला लावा. आणि सातारा, कोरेगाव, वाई भागात गेल्या दोन वर्षांत कुणी असं गर्डरचं काम करून घेतलं असेल तर आजच बघा, आणि तुमच्याकडंही नुसती डोकीच निघाली तर मला मेसेज करा. एकाच माणसाविरुद्ध तिघाचौघांच्या तक्रारी पुराव्यासकट एकदम गेल्या तर पोलिसांना ते दिवाणी म्हणता येणार नाही.