नावाचा अर्थ लिहिताना शब्द बदलून देणारं टूल: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पुण्यात डीटीपीच्या कामात बारशाची कार्डं, पाळण्यामागचे फलक आणि नावांच्या छोट्या पुस्तिका यांच्या मजकुरासाठी हे टूल आठ महिने वापरात आहे. एका नावामागे साधारण ६० ते ८० शब्द असतात. टूलचं नाव देत नाही, कारण मुख्य दोष समानार्थी शब्द घालण्याच्या पद्धतीतच आहे. वर्णनाच्या वाक्यांना ते चालतं. अर्थ सांगणाऱ्या वाक्याला मात्र त्याचा हात लागू देऊ नये.

याचं कारण नावांच्या घडणीतच आहे. पंकज, सरोज, नीरज ही तिन्ही कमळाचीच नावं. पण पंक म्हणजे चिखल, सरस् म्हणजे तळं, नीर म्हणजे पाणी. त्यापुढचा ‘ज’ म्हणजे जन्मलेलं. ‘पंकज म्हणजे चिखलात जन्मलेलं, अर्थात कमळ’ या वाक्यात टूल कमळाच्या जागी ‘सरोज’ बसवतं. कोशाच्या हिशेबाने ते बरोबरच आहे, पण वाचणाऱ्याला चिखल आणि तळं एकच वाटू लागतात. सूर्याचंही तसंच. दिनकर दिवस करणारा, भास्कर प्रकाश करणारा, आदित्य अदितीचा मुलगा. ही नावं एकमेकांच्या जागी ठेवली, की प्रत्येक नावाचं वेगळेपण जातं आणि आईवडिलांनी नेमकं तेच नाव का निवडलं हे सांगायला काही उरत नाही.

दुसरी अडचण अनेकार्थी शब्दांची. ‘नावाचा अर्थ’ याचं ‘नावाचे धन’ झालेलं आहे. राशीचा ‘ढीग’ होतो. ‘वरद म्हणजे वर देणारा’ इथे वराचा ‘नवरा’ होतो. अपर्णेच्या मजकुरात ‘पानंही न खाणारी’ याचं ‘पृष्ठंही न खाणारी’ झालं. बदलाची पातळी सर्वांत खाली ठेवली की हे कमी होतं, थांबत नाही.

व्याकरणाचा त्रास सर्वांत जास्त. ‘अर्थ’ पुल्लिंगी, ‘व्याख्या’ स्त्रीलिंगी. टूल शब्द बदलतं, आधीचा ‘चा’ तसाच ठेवतं, आणि ‘नावाचा व्याख्या’ छापायला तयार होतं. सामान्यरूपही त्याला जमत नाही: ‘पाण्यातून’ बदलताना ‘जलातून’ऐवजी ‘जल्यातून’ येतं. शब्द लॉक करायची सोय आहे, पण ती अख्खा शब्द जुळला तरच चालते. ‘पंकज’ लॉक केलं तरी ‘पंकजला’, ‘पंकजचा’ उघडेच राहतात. शिवाय भाषेचा पोत बिघडतो तो वेगळाच. ‘हौसेनं ठेवलेलं नाव’ याचं ‘उत्कंठेने स्थापिलेले नाव’ होतं, आणि हौस व उत्कंठा यांत फार अंतर आहे.

काही महिन्यांत बसलेली पद्धत अशी. मजकुराचे आधीच दोन भाग करा. नाव, त्याचे घटक, शब्दशः अर्थ आणि व्यक्तिनाम म्हणून लिंग एवढं एका ओळीत हाताने लिहा. ती ओळ टूलमध्ये घालूच नका. संस्कृत घटकांसाठी वामन शिवराम आपट्यांचा १८९० चा संस्कृत-इंग्रजी कोश बघा, मराठी वापरासाठी दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश. उरलेल्या भागात नाव जिथे जिथे येतं तिथे ‘११’, ‘२२’ असे आकडे ठेवा. आकड्यांना टूल हात लावत नाही. विभक्ती आकड्याला जोडू नका, नाव परत घालताना हाताने जोडा. एका वेळी एकच परिच्छेद द्या. परत आलेल्या मजकुरात आधी लिंग-वचन बघा, मग सामान्यरूपं, आणि शेवटी मोठ्याने वाचा. मोठ्याने वाचल्याशिवाय ‘स्थापिलेले’सारखे शब्द सापडत नाहीत.

मूळ मजकूर चुकीचा असेल तर टूल ती चूक आणखी खरी वाटेल अशी करून देतं, आणि ही बाब सर्वांत गंभीर आहे. ‘आरव म्हणजे शांत’ असं इंटरनेटवर जागोजागी लिहिलेलं दिसतं. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ध्वनी, जवळजवळ उलट. टूल ‘शांत’चं ‘निवांत’, ‘सौम्य’ करत जातं, आणि बाळाच्या पाळण्यामागे चुकीचा अर्थ सुबक अक्षरांत लागतो. म्हणून कोश आधी, टूल नंतर.

दुसऱ्याचा मजकूर शब्द बदलून आपला होईल या आशेने घेणार असाल तर घेऊ नका. वाक्यांचा क्रम, उदाहरणं, मांडणी तीच राहते आणि ती लगेच ओळखू येते. त्याऐवजी सुरुवातच बदला. अपर्णेसाठी ‘या नावाचा अर्थ…’ने सुरू न करता पार्वतीच्या तपापासून सुरू करा: गळून पडलेली पानं खाणंही तिनं सोडलं म्हणून ती अपर्णा, असं कालिदास कुमारसंभवाच्या पाचव्या सर्गात सांगतो. एवढं लिहिलं की त्या नावासाठी टूल उघडावंच लागत नाही.

वेळेचा हिशेब: ८० शब्दांना टूलसह तपासणी धरून पंधराएक मिनिटं लागतात. अर्थ पक्का माहीत असेल तर हाताने लिहायलाही तेवढीच. एकाच साच्यातली पन्नास-साठ नावांची पुस्तिका असेल तेव्हा वर्णनाच्या वाक्यांत तोचतोचपणा टाळायला खरी मदत होते. त्यामुळे वर्षाचा प्लॅन घेऊ नका. पुस्तिकेचं काम हातात असेल त्या महिन्यापुरता घ्या.