दारावरचा कॅमेरा: क्लाउड की मेमरी कार्ड?

घोडबंदर रोडवरचा टॉवर असो वा नेरुळमधली जुनी सोसायटी, दारावर वायफाय कॅमेरा लावताना खरा प्रश्न किमतीचा नसतो. चित्रण राहणार कुठे, हा असतो.

क्लाउडचा, म्हणजे इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर चित्रण साठवण्याचा, फायदा एकच, पण मोठा: चोराने कॅमेराच उपटून नेला तरी तोवरचे चित्रण हाती राहते. मात्र दरमहा पैसे मोजा, शिवाय तुमच्याकडे कोण कधी येते-जाते याची नोंद परक्या सर्व्हरवर. इतरत्र वापरलेलाच पासवर्ड इथे ठेवलात, तर तिथे फुटला की इथेही कुणीही डोकावणार. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर कोडसारखी दुसरी खातरजमा) चालू हवेच.

कार्डात चित्रण घरातच राहते. १ एमबीपीएस (सेकंदाला १ मेगाबिट) दराने सलग रेकॉर्डिंगला दिवसाला सुमारे ११ जीबी लागतात. १२८ जीबीचे कार्ड साधारण ११ दिवसांत भरते आणि जुने पुसू लागते. साधे कार्ड सततच्या रेकॉर्डिंगने लवकर झिजते, आणि ते बंद पडल्याचे नेमके चोरीनंतर कळते! म्हणून सततच्या रेकॉर्डिंगसाठी बनवलेले ‘हाय एंड्युरन्स’ कार्डच घ्या, महिन्यातून एकदा जुनी क्लिप उघडून पाहा.

आमचा कौल कार्डाला. कॅमेरा मात्र हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर (घरातल्या इतर उपकरणांपासून वेगळ्या वायफायवर); समोरच्यांचे दार चित्रात येत असेल तर अ‍ॅपमधून तेवढा भाग झाकून टाका.