तारांकित यादीला माझे साडेतीन तारे

लोक मिक्सरला तारे देतात, कुरिअरवाल्याला देतात, डोंगरावरच्या धबधब्यालासुद्धा देतात. जिच्या नावातच तारा आहे त्या गोष्टीला मात्र कुणी देताना दिसत नाही. म्हणून हा अभिप्राय : विधिमंडळाची ‘तारांकित प्रश्नोत्तरांची यादी’. किंमत शून्य, अधिवेशन चालू असताना रोज ताजी, विधिमंडळाच्या संकेतस्थळावर कुणालाही उघडता येते. मी निवृत्तीनंतर नेमाने वाचते.

आधी माझा हितसंबंध सांगून टाकते. एका शासकीय विभागाच्या जिल्हा कार्यालयात मी एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा ‘विधिमंडळ कामकाज’ या टेबलावर. विभागाचं नाव घेत नाही, पेन्शन तिथूनच येते. म्हणजे या यादीत जी उत्तरं छापून येतात त्यांचा कच्चा माल माझ्यासारख्या बायका-माणसांनी टाइप केलेला असतो. हॉटेलच्या भटारखान्यात राबलेल्या माणसाने त्याच हॉटेलवर लिहावं, तसं काहीसं हे आहे.

अगदी नवख्या वाचकासाठी थोडक्यात : आमदार विधिमंडळ सचिवालयाकडे प्रश्न लेखी देतात. ज्याला तारा असतो त्याचं उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. बिनताऱ्याच्या, म्हणजे अतारांकित प्रश्नाला नुसतं लेखी उत्तर. संसदेतही हीच वाट. लोकसभेत एका दिवसाला वीस तारांकित आणि दोनशे तीस अतारांकित प्रश्न घेतात, कुणाचा लागणार ते सोडतीने ठरतं, आणि सूचना साधारण पंधरा दिवस आधी द्यावी लागते. अकरा ते बारा या तासात वीसच्या वीस प्रश्न तोंडी होणं इतकं दुर्मीळ, की २७ नोव्हेंबर २०१९ ला ते झाले तेव्हा त्याची बातमी झाली. त्याआधीचा दाखला १९७२ चा दिला गेला होता. उरलेल्या तारांकितांची उत्तरं पटलावर ठेवली जातात, म्हणजे कागदावरच राहतात. म्हणून मी प्रक्षेपणापेक्षा यादी बरी म्हणते. प्रक्षेपणात गोंधळ दिसतो, बाकं वाजवणं दिसतं, कधीकधी एखादा उपप्रश्न झणझणीत लागतो. पण आकडा हवा असेल तर तो कागदावरच सापडतो.

आता यादी वाचायची कशी, यावर मी जरा रेंगाळणार आहे. इथेच सगळी गंमत आहे.

आपल्याकडच्या प्रश्नाची एक ठरलेली घडण असते. (१) अमुक ठिकाणी अमुक झाल्याचे माहे अमुकमध्ये निदर्शनास आले, हे खरे आहे काय. (२) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय. (३) असल्यास, त्यानुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? शेवटच्या ओळीत प्रश्न विचारणारा विलंब गृहीतच धरतो. मला ती ओळ फार आवडते.

उत्तराचीही घडण ठरलेली. ‘होय, हे खरे आहे.’ ‘अंशतः खरे आहे.’ ‘हे खरे नाही.’ आणि या सगळ्यांचा धाकटा भाऊ, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ हे चार शिक्के ओळखता आले की यादी निम्मी वाचून झाली. ‘होय’ म्हणजे बहुतेक वेळा कार्यवाही आधीच सुरू झालेली आहे आणि खालच्या एखाद्या माणसाचं निलंबन झालेलं आहे. ‘अंशतः’ म्हणजे बरंचसं खरं आहे. आणि ‘हे खरे नाही’ म्हणजे प्रश्नातलं वाक्य खरं नाही. घटना घडली की नाही, याबद्दल ते उत्तर गप्प असतं.

हे मला कुणी शिकवलं नाही, मी स्वतःच्या हाताने टाइप केलं. एका पावसाळी अधिवेशनाच्या आधी प्रश्न आला : आमच्या अखत्यारीतल्या वसतिगृहांमधली ४८ सौर उष्णजल संयंत्रं बंद असल्याचं माहे जूनमध्ये निदर्शनास आलं, हे खरे आहे काय. सकाळी अकराला ‘अतितात्काळ – विधिमंडळ कामकाज’ असा शेरा मारलेला कागद येऊन पडला आणि दुपारी दोनपर्यंत उत्तर हवं होतं. एलएक्यू, म्हणजे विधिमंडळाचा प्रश्न, आला की कार्यालयाचा रंग बदलतो. एरवी जी फाइल तीन आठवडे सापडत नाही ती वीस मिनिटांत सापडते, रजेवरच्या माणसाला घरून आणतात. चौदा वसतिगृहांना फोन लावले. दोन गृहपालांनी सवयीने ‘निरंक’, म्हणजे कळवण्यासारखं काही नाही, असं कळवलं. त्यांनी प्रश्न वाचलाच नव्हता. बाकीच्यांची बेरीज निघाली ४६. आणि पाहणी झाली होती मे महिन्यात.

मी साहेबांसमोर कागद ठेवला : ४६ बंद आहेत. साहेबांनी चष्मा वर केला आणि खरोखर खूश होऊन म्हणाले, ‘अहो बाई, मग अठ्ठेचाळीस नाहीत ना? आणि जूनमध्ये नाही ना? मग हे खरं नाही!’ मी टाइप केलं. (१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही. वर आयुक्तालयात, तिथून मंत्रालयात, कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव अशा पायऱ्या चढत ते उत्तर छापून आलं, तेव्हा त्यातला काना-मात्रासुद्धा बदललेला नव्हता. मुली थंड पाण्याने आंघोळ करत राहिल्या. माझ्या शेऱ्यात त्या वेळी ‘उत्तर विहित मुदतीत सादर केल्याबद्दल’ कौतुक आहे.

दोन अधिवेशनांनंतर त्याच विषयावर दुसऱ्या एका सदस्यांचा प्रश्न आला. त्यात ‘निदर्शनास आले’ नव्हतं, आरोप नव्हता, एकही विशेषण नव्हतं. किती संयंत्रं बसवली, प्रत्येकाचा खर्च किती, पुरवठादाराचं देयक कोणत्या तारखेला अदा झालं, हमी कालावधी कधी संपतो, आणि उत्तराच्या दिनांकास किती चालू आहेत. बस्स. पाच ओळी. आम्ही दोन रात्री बसलो. खरं-खोटं म्हणायला जागाच ठेवलेली नव्हती, आकडा लिहावाच लागणार होता. ‘उत्तराच्या दिनांकास’ या दोन शब्दांनी तर कहर केला, कारण उत्तराचा दिनांक यायला अजून आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत पुरवठादाराची माणसं शिडी घेऊन वसतिगृहांच्या गच्चीवर चढलेली मी स्वतः पाहिली. उत्तर छापून आलं त्यात ४१ चालू होती.

म्हणून यादी वाचताना मी उत्तर नंतर वाचते. आधी प्रश्नाचं पहिलं वाक्य बघते आणि पेन्सिलने त्यातली पळवाट शोधते. आकडा मोघम आहे का? महिना घातलाय का? ‘मोठ्या प्रमाणावर गैरव्यवहार’ आहे का? असला तर उत्तर न बघता सांगते. दहापैकी आठ वेळा बरोबर येतं. शब्दकोड्यापेक्षा बरा विरंगुळा आहे.

हा खेळ जुना आहे आणि दिल्लीतही चालतो. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतल्याचं प्रकरण १९५७ मध्ये लोकसभेत आलं. सप्टेंबरमध्ये पहिल्यांदा प्रश्न विचारला गेला तेव्हा उत्तरातून फारसं काही हाती लागलं नाही. डिसेंबरमध्ये फिरोज गांधींनी कागदपत्रांच्या आधारे विषय लावून धरला. ते सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते आणि पंतप्रधानांचे जावई. मग न्यायमूर्ती छागला यांची चौकशी झाली, तीही जाहीर सुनावणी घेऊन, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावं लागलं. फिरोज गांधींचा तो गृहपाठ आठवला की आमच्या दुसऱ्या सदस्यांच्या त्या पाच ओळी आठवतात. तुलना फार मोठी झाली, पण मला आठवतात.

उलट बाजूही सांगायला हवी. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून संसदेच्या अकरा सदस्यांना घालवण्यात आलं, दहा लोकसभेचे, एक राज्यसभेचा. तेव्हा आमच्या कार्यालयात एक जण म्हणाला होता, ‘विचारायचे पैसे मिळतात, आपल्याला टाळायचे कुणी देत नाही.’

माहितीच्या अधिकाराशी तुलना अनेक जण करतात. तिथे दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत, अर्जदार कुणीही नागरिक. कागदाची प्रत हवी असेल तर तोच रस्ता धरावा, यादीत प्रत मिळत नाही. पण अर्जाचं उत्तर माहिती अधिकाऱ्याच्या सहीने येतं आणि तारांकिताचं मंत्र्यांच्या नावावर छापलं जातं. खालच्या माणसाच्या पोटात गोळा कशाने येतो, ते मी पाहिलेलं आहे. शिवाय मंत्री सभागृहात ‘तपासून घेऊ’, ‘माहिती मागवून पटलावर ठेवू’ असं काही बोलले तर त्याचं आश्वासन होतं आणि ते आश्वासन समितीकडे जातं. लोकसभेत ते तीन महिन्यांत पुरं करण्याची अपेक्षा असते. अपेक्षा हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे. अध्यक्षांना उत्तर अपुरं वाटलं तर ते प्रश्न राखूनही ठेवतात. आमच्याकडे ‘राखून ठेवला’ असा निरोप आला की चहासुद्धा कुणी मागत नसे.

खर्चाचा हिशेब खोलात हवा असेल, तर खरी मजा समित्यांत आहे, यादीत नाही. महालेखापालांच्या अहवालातले परिच्छेद लोकलेखा समितीपुढे जातात आणि सचिवांना साक्षीला बसावं लागतं. संसदेच्या लोकलेखा समितीत बावीस सदस्य असतात आणि १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. महाराष्ट्रात यात पंचायती राज समितीची, म्हणजे ‘पीआरसी’ची भर. ‘पीआरसी येणार’ हे दोन शब्द जिल्हा परिषदेत उच्चारून बघा. फलक रंगवले जातात, नोंदवह्या अद्ययावत होतात, वर्षानुवर्षं बंद असलेल्या नळाला पाणी येतं. पण समितीचे अहवाल जाड आणि उशिराचे असतात. रोज सकाळी वाचायला यादीच बरी.

आता तारे का कापले, ते. एक तारा सोडतीमुळे कापला. चांगला प्रश्न नशिबात नसेल तर मागे राहतो आणि तोवर अधिवेशन उरकतं. उरलेला अर्धा कापायला कारण ताजं आहे.

आमच्या भागातल्या एका रुग्णवाहिकेबद्दल मला प्रश्न जायला हवा होता. सहा महिने गाडी आवारात उभी आहे, टायर जमिनीला टेकलेत. मी आमच्या आमदारांच्या स्वीय सहायकाला कागद नेऊन दिला. चार ओळी, माझ्या जुन्या शत्रूंकडून शिकलेल्या : गाडी कोणत्या तारखेपासून बंद, दुरुस्तीसाठी किती निधी मंजूर, किती खर्च, उत्तराच्या दिनांकास ती चालू आहे काय. मुलगा हुशार होता, हसतमुख होता. त्याने कागद वाचला आणि म्हणाला, ‘काकू, हे फारच साधं वाटतंय. याची बातमी नाही होणार.’ आणि वरती स्वतःच्या हाताने एक ओळ घातली : तालुक्यातील रुग्णवाहिकांच्या दुरुस्तीत लाखो रुपयांचा गैरव्यवहार झाल्याचे माहे ऑगस्टमध्ये निदर्शनास आले, हे खरे आहे काय. खाली माझ्या ओळी ‘असल्यास’ लावून जोडल्या. मी म्हटलं, बाळा, ती वरची ओळ काढ. तो म्हणाला, ‘काकू, तुम्ही नका काळजी करू.’

प्रश्न लागला, ताऱ्यासकट. त्या सकाळी मी यादी उघडली, पेन्सिल हातातच होती.

(१) हे खरे नाही.

(२), (३), (४) व (५) प्रश्न उद्भवत नाही.