क्लास, घरी येणारे सर की स्पेशल एज्युकेटर? सोलापुरात गणितात अडकलेल्या मुलासाठी

माझी भाची सातवीत होती. मराठी घडाघडा वाचायची, पण ५२ मधून २७ वजा करायला बोटं लागायची. 'एकोणतीस' ऐकून ३९ लिहायची. आम्ही तिच्यासाठी क्लास, घरी येणारे सर आणि स्पेशल एज्युकेटर, म्हणजे शिकण्यात अडचण असलेल्या मुलांना शिकवणाऱ्या प्रशिक्षित बाई, अशा तिन्ही वाटा चालून पाहिल्या.

क्लासबद्दल थोडक्यात सांगते. जुळे सोलापूर काय, सात रस्ता काय, क्लास शाळेच्या एक धडा पुढे धावतो. आजारपणात एखादा धडा बुडालेल्या मुलाला त्याचा उपयोग होतो. गणन अक्षमता असलेलं, म्हणजे संख्या आणि आकडेमोड समजायलाच अडचण येणारं मूल मात्र तिथे वहीत फळा उतरवून घेतं आणि गप्प बसतं.

घरी येणाऱ्या सरांचं लक्ष एकट्या मुलावर असतं, वेळही आपल्या सोयीची. अडचण अशी की बहुतेक वेळ गृहपाठातच जातो. म्हणून ठरवण्याआधी एकच विचारा: "हातचा एक म्हणजे काय, हे कसं समजावता?" आमचे सर म्हणाले, "पुढच्या घराच्या डोक्यावर एक लिहायचा." पुढे स्पेशल एज्युकेटर बाईंनी दहा काड्यांना रबर लावलं, तो गठ्ठा दशकाच्या घरात सरकवला आणि भाचीलाच विचारलं, "आता इथे किती आले?" त्या दिवशी तिला हातचा दिसला. वजाबाकीत तोच गठ्ठा सोडायचा, हे तिचं तिनेच सांगितलं.

हा फरक मला सगळ्यात मोठा वाटतो. बाई सातवीचं पुस्तक बाजूला ठेवून, संख्येची समज जिथे तुटली तिथपर्यंत, म्हणजे दुसरीपर्यंतही मागे जातात. पण त्या आठवड्यातून दोनदाच भेटतात. रोजची पंधरा मिनिटं घरच्यांनाच द्यावी लागतात आणि पहिल्या सहामाहीत मार्क फारसे हलत नाहीत. त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी जरूर पाहा. सीआरआर नंबर, म्हणजे त्या नोंदणीचा क्रमांक, मागितला तर कुणी रागावत नाही.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. तेलुगूत एकवीसला 'इरवै ओकटी' म्हणतात, म्हणजे वीस आणि एक. कन्नडमध्येही दशक आधी येतो. मराठीत एकक आधी, आणि एकोणतीस तर तिसातून एक कमी! 'तीस' कानावर पडलं की मूल तीनच लिहिणार. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' अशी वाचनपद्धत आली तेव्हा केवढा वाद झाला, पण अशा मुलांना तिचा आधार वाटतो. म्हणून घरात तेलुगू असेल, तर तेलुगू जाणणारे, काड्या-मणी घेऊन बसायला तयार असलेले शेजारचे सर मी लांबच्या नामांकित क्लासपेक्षा वर ठेवीन.

पाचवी ते आठवीच्या मुलासाठी माझी निवड स्पेशल एज्युकेटर. दहावीच्या वर्षात मात्र घरी येणारे सरही लागतील, कारण अभ्यासक्रम थांबत नाही.

अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्राचं काम यातलं कुणीच करून देत नाही. गणन अक्षमता हा तिचाच एक प्रकार. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि वयाच्या आठव्या वर्षापासून प्रमाणपत्र मिळू शकतं. चौदाव्या वर्षी पुन्हा तपासणी होते. बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळेसारख्या सवलती त्यावरच मिळतात. दहावीचा फॉर्म भरायच्या वेळी धावपळ नको. आठवीतच शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा.