भागत बसायचं की लुकास-लेहमर?
लातूरला भाच्याने वहीत २१४७४८३६४७ लिहून विचारलं, "मामा, ही मूळ संख्या कशावरून?" म्हणजे २ चा ३१वा घात वजा १. भागायचं तर ४६३४० पर्यंतच्या, म्हणजे वर्गमुळापर्यंतच्या, मूळ संख्या तपासा. गणिती ऑयलरने १७७२ मध्ये चाळणी लावली: ज्यांना २४८ ने भागून १ किंवा ६३ उरतात तेवढेच भाजक तपासायचे. तरी हात दुखतोच!

लुकास-लेहमर ही मूळ संख्या ओळखायची कसोटी; तिच्यात ४ पासून निघायचं. वर्ग, वजा २, तपासायच्या संख्येने भागून बाकी. घातापेक्षा दोन कमी, म्हणजे इथे २९ फेऱ्यांनी शून्य आलं की झालं. आम्ही ३१ या संख्येवर (२ चा ५वा घात वजा १, म्हणून ३ फेऱ्या) करून बघितलं: ४, १४, ८, शून्य. भाचा खूश. मला हीच आवडते, पण ती २ च्या विषम मूळ घातातून १ वजा केलेल्या संख्यांपुरतीच. १०००००३ विचारलंस तर बाबा, भागच.