मोबाईल वॉलेटने ॲपमधून व्यवहार पाठवणं: काही महिन्यांच्या वापरानंतर

माझे ब्लॉकचेनवरचे (व्यवहारांच्या सामायिक डिजिटल नोंदवहीवरचे) बहुतेक व्यवहार आता फोनवरूनच होतात. एका बाजूला ॲप, दुसऱ्या बाजूला माझ्या खात्याची किल्ली सांभाळणारं वॉलेट आणि दोघांच्या मध्ये त्यांना जोडणारं वॉलेटकनेक्ट. इतके महिने वापरल्यावर माझं मत असं: चेन आपलं काम चोख करते, डोकेदुखी आहे ती ॲपमधून वॉलेटमध्ये जाऊन परत येण्याची.

जोडणी सोपी आहे. ॲप कॉम्प्युटरवर असेल तर क्यूआर कोड स्कॅन करायचा, दोन्ही एकाच फोनवर असतील तर लिंकवरून वॉलेट थेट उघडतं. मधला रिले सर्व्हर निरोप फक्त पोचवतो, ते कूटबद्ध असल्याने त्याला वाचता येत नाहीत. प्रायव्हेट की, म्हणजे सही करायची गुप्त किल्ली, वॉलेटबाहेर जात नाही. ॲप विनंती करतं, सही वॉलेट करतं.

आता त्रासाचं. वॉलेट उघडतं, पण विनंती दिसतच नाही. मागे गेलेल्या ॲपचं कनेक्शन फोन तोडून टाकतो, आयफोनवर तर हे फारच जाणवतं. थोडं थांबलं की बहुधा विनंती येते. पण सही करून परत यावं तर ॲपमध्ये ‘वॉलेटमध्ये मंजुरी द्या’ असं म्हणत चक्र फिरतच असतं! अशा वेळी बटण पुन्हा दाबायचं नाही. व्यवहार कदाचित गेलेलाही असतो, फक्त ॲपला उत्तर पोचलेलं नसतं. पुन्हा पाठवलात तर त्याला पुढचा नॉन्स (क्रमांक) मिळतो आणि दोन्ही व्यवहार पार पडू शकतात. आधी वॉलेटच्या इतिहासातून हॅश (व्यवहाराची ओळखखूण) घ्या आणि इथरस्कॅन या व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर बघा.

नॉन्स म्हणजे तुमच्या खात्याच्या व्यवहारांचा अनुक्रमांक. एक अडकला की त्याच्या मागचे सगळे ताटकळतात. ‘स्पीड अप’ म्हणजे तोच नॉन्स, फी जास्त. इथेरियम या ब्लॉकचेनवर साधारण निदान १० टक्के तरी वाढवावी लागते. ‘कॅन्सल’सुद्धा त्याच नॉन्सचा दुसरा व्यवहार असतो, त्यामुळे तो यशस्वी होईलच असं नाही आणि गॅस (व्यवहाराच्या कामाचं माप, त्यावर फी ठरते) तर लागतोच.

गॅसबद्दल थोडक्यात. इथरची (इथेरियमच्या मूळ चलनाची) साधी पाठवणी २१,००० गॅसची, टोकनची अदलाबदल त्याच्या कितीतरी पट. व्यवहार फसला तरी गॅस जातो. फी इथरमध्ये भरायची असते, म्हणून खात्यात यूएसडीसी (डॉलरशी बांधलेलं टोकन) भरपूर, पण इथर शून्य, तर साधारणपणे काहीच हलत नाही.

माझ्या लेखी वॉलेट निवडताना सगळ्यात महत्त्वाचा तो सहीचा स्क्रीन. सही केल्यावर खात्यातून काय जाईल, काय येईल हे आधीच दाखवणारं वॉलेट घ्या. नुसते हेक्स आकडे दाखवणारं नको. ‘अप्रूव्ह’मध्ये, म्हणजे ॲपला आपली टोकन खर्चू देताना, बरीच ॲप अमर्याद परवानगी मागतात, तिथे रक्कम स्वतः टाकावी. ‘पर्मिट’ची सही आणखी फसवी: गॅस लागत नाही म्हणून निरुपद्रवी वाटते, पण टोकन खर्चायची परवानगी तीही देते. आणि वॉलेटमधून ॲप डिस्कनेक्ट केल्याने अशा परवानग्या जात नाहीत. ‘अप्रूव्ह’ची परवानगी चेनवर नोंदलेली असते, ‘पर्मिट’ची ती सही वापरली गेली की नोंदली जाते, आणि ती काढायलाही वेगळा व्यवहार करावा लागतो.

छोट्या रकमांसाठी ही सोय मी सोडणार नाही. त्यासाठी फोनवर वेगळं खातं ठेवलंय. मोठी रक्कम मात्र हार्डवेअर वॉलेटवर (किल्ली सांभाळणाऱ्या वेगळ्या उपकरणावर), आणि ते खातं कुठल्याच ॲपला जोडलेलं नाही.