बंबातला तुटलेला बोल्ट: दारव्ह्याच्या लेथवाल्या मिस्त्रीचा अनुभव

तांब्याचा बंब वापरणारी घरं आता कमीच राहिली, पण आमच्या गावात हिवाळ्यात पहाटे लाईनचा काही भरोसा नसतो आणि आईला पाच वाजता आंघोळीला कढत पाणी लागतंच, म्हणून आमच्याकडे पऱ्हाटी-तुराटीवर रोज बंब पेटतो. आईच्या लग्नातला आहे, आजोबांचं नाव कोरलेलं आहे त्याच्यावर.

तर झालं असं की आतली जाळी जळून वाकली, निखारे खाली पडायला लागले. आमच्या बंबात मधल्या नळीच्या बुडाशी बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, कडी आहे आणि तिला जाळी तीन बोल्टनं कसलेली. १३ चा पाना लावला, हलेना, मग पान्यात पाईप घालून जोर दिला तर कटकन डोकं तुटून हातात आलं आणि बाकीचा बोल्ट कडीत तसाच, एकदम सपाट, पकडायला काहीच नाही. इतक्या वर्षांची आच, राख, सांडलेलं पाणी, त्यात तांब्याला लागून असलेलं लोखंड अजूनच लवकर गंजतं, सगळं एकजीव झालेलं.

आधी जवळच्या एका दुकानात नेला. तिथं म्हणे जाळी कडीलाच वेल्डिंग मारून पक्की करतो, नाहीतर भंगारात द्या न गीझर घ्या. पुढच्या वेळी जाळी जळली तर काय करायचं, विचारलं तर उत्तर नाही. खूप वाईट वाटलं, तसाच उचलून घरी आणला.

मग दारव्ह्याला एका लेथवाल्या मिस्त्रीकडं गेलो. काकांनी बंब उलटा केला, टॉर्च मारला, बोटानं राख खरडली आणि पहिलं वाक्य, "घाई असंन तं मी हात नाही लावत भाऊ." दोन दिवस नुसतं डिझेल सोडून ठेवलं, मधून मधून हातोडीनं हलकं टकटक. तिसऱ्या दिवशी मी समोरच उभा होतो. नळीच्या सांध्याला कथलाचा डाग (सोल्डरिंग) आहे, तो आचेनं सुटतो म्हणून आधी ओलं बारदान गुंडाळलं. मग तुटक्या तुकड्यावर नट ठेवला आणि नटाच्या भोकातून वेल्डिंगच्या रॉडनं टाका मारला. लाल झालेला नट आपोआप निवू दिला, पाणी मारलं नाही, कारण बीड एकदम थंड केलं की तडकतं. तापला की बोल्ट फुगतो, निवला की आकसतो आणि जंगाची पकड सुटते, असं त्यांनी सांगितलं. मग पाना लावून जरासं पुढं, जरासं मागं, परत डिझेल, परत जरासं पुढं. कर्र आवाज आला आणि बोल्ट फिरला, खरं सांगतो अंगावर काटा आला!

ईझी-आउट, म्हणजे तुटका बोल्ट उलटा फिरवून काढायचं हत्यार, काहून नाही लावला, मी विचारलं. म्हणे, "तो आत मोडला तं साधा ड्रिल त्याले लागत नाही, मंग कडीच गेली." बाकी दोनपैकी एक निघाला, एकाला मात्र ड्रिल मारावाच लागला. आधी सेंटर पंच, मग बारीक बिट, मग ६.८ चा, आणि ८ चा टॅप फिरवून आटे साफ केले. नवे बोल्ट स्टीलचे, आट्यांना ग्राफाईट ग्रीस. मी घरून पांढरे गॅल्व्हनाइजचे नेले होते, ते परत दिले, त्यावरचं जस्त आगीत जळतं न धूर वाईट असतो म्हणे. बोल्ट फार आवळलेही नाहीत, तापल्यावर जाळीला फुगायला जागा पाहिजे.

नवी जाळी, बोल्ट, मजुरी धरून ६५० रुपये. तक्रार एकच, चार दिवस लागले आणि फोन उचलत नाहीत, दोन चकरा फुकट गेल्या, आईला तेवढे दिवस चुलीवर पाणी तापवावं लागलं. म्हणून पाचपैकी साडेचार. काम मात्र असंच मन लावून करणारे मिस्त्री आता भेटत नाहीत.

जाणार असाल तर बंब पूर्ण रिकामा करून, वाळवून न्या आणि जुनी जाळी तुटली असली तरी सोबत न्या, तिच्यावरच माप धरून नवी कापतात.